सोडवणारी बाई

सालूहाने कुसकुस शिजवायचं उसनं आणलेलं मोठं पातेलं कमरेवर तोललं आणि नणंदेच्या दाराची कडी वाजवायला हात उचलला, तेवढ्यात आतून मुल्काचं हसणं ऐकू आलं. हात तसाच राहिला. तिची सतरा वर्षांची लेक या वेळी गणिताच्या शिकवणीला असायला हवी होती. पण शिकवणी बुडण्यापेक्षा सालूहाला ते हसणंच जास्त खटकलं. घरात गेली दोन वर्षं तिने ते ऐकलं नव्हतं.

आत मागावर फणी आपटत होती. फणी थांबली की मुल्का हळू काहीतरी विचारायची, मबरूका त्याहून हळू उत्तर द्यायची, आणि पुन्हा फणी सुरू व्हायची. शब्द कळत नव्हते. सालूहाने कान दाराला लावला. आपण हे काय करतोय ते लक्षात आल्यावर मग तिने कडी जरा जोरातच वाजवली.

"ये गं," मबरूका दार उघडत म्हणाली. "पातेल्याची एवढी काय घाई होती? मुल्काबरोबर दिलं असतंस."

"मुल्का इथं असते हे मला माहीत असतं तर दिलं असतं, वन्सं."

मुल्का मागासमोरच्या बाकावरून उठली होती. आत्याच्या शेजारची तिची जागा बाकावर तेवढी मोकळी दिसत होती. अर्धा विणलेला गालिचा, खाली लोकरीचे गुंडे, एका बशीत खजूर भरलेल्या मक्रूद मिठाईचे दोन तुकडे. बशी एकच होती.

"सर आले नाहीत आज," मुल्का म्हणाली.

"मी विचारलं का?" सालूहाने पातेलं खाली ठेवलं. "काय हसत होता एवढं?"

"काही नाही," दोघी एकदमच म्हणाल्या.

ते दोन शब्द घरी पोचेपर्यंत सालूहाच्या कानांत वाजत राहिले. एकीने 'काही नाही' म्हटलं असतं तर चाललं असतं. दोघींचं एकदम निघालेलं 'काही नाही' म्हणजे त्या दोघींचं एक घर आणि सालूहा त्या घराच्या बाहेर.

आणि हे कुणाच्या वाट्याला यावं? कैरवानमध्ये मुलींची एक शाळा अशी नव्हती की जिथे सालूहाने तास घेतला नसेल. ती कुटुंब नियोजन केंद्रातली सुईण. शिकलेली, सरकारी, अठरा वर्षं नोकरी झालेली. पाळी, गर्भ, रोग, मुलगा मागे लागला तर काय करायचं, नको असेल तर नाही कसं म्हणायचं, हे सगळं ती फळ्यावर चित्रं काढून, आवाज जराही न चोरता सांगायची. मुख्याध्यापिका खिडकीबाहेर बघत बसायच्या, ही बोलत राहायची. बाजारात हरीसा, लाल मिरचीची चटणी, घेताना एखादी पोर तिला बाजूला ओढून कानात काहीतरी विचारायची आणि ही तिथल्या तिथे उत्तर देऊन मोकळी व्हायची. "अर्ध्या गावाच्या पोरींचं गुपित माझ्या बायकोच्या पोटात आहे," असं तिचा नवरा हेदी तेलाच्या दुकानात बसून सांगायचा, आणि तिला ते आवडायचं. आणि तिची स्वतःची पोर मात्र विचारायला जाते कुणाकडे? मबरूकाकडे. पन्नाशीची, बिनलग्नाची, चौथीत शाळा सोडलेली, आयुष्यभर मागासमोर बसून गाठी मारणारी बाई. तिला यातलं काय ठाऊक असणार?

संध्याकाळी तिने मुल्काला आवडतात तसे अख्खं अंडं भरलेले ब्रिक तळले, ताटली घेऊन तिच्या खोलीत गेली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"मुल्का, तुझ्या वयात बरेच प्रश्न पडतात. त्यात लाजण्यासारखं काही नसतं. तुला काहीही विचारायचं असेल, अगदी काहीही, तर..."

"आई, हा केंद्रातला आवाज आहे."

"कसला आवाज?"

"तू आत्ता काढलास तो." मुल्काने ब्रिक उचलला, पिवळं सांडू नये म्हणून वाकून खाल्ला. "छान झालाय."

"आत्याशी बोलायला तुला कुठला आवाज लागतो?"

मुल्काने बोटाला लागलेलं तेल पुसलं.

"तिला काय कळतं गं त्यातलं? जिचं लग्नच झालं नाही ती तुला काय शिकवणार?"

मुल्काने ताटली परत आईच्या हातात दिली. रागाने दिली असती तर बरं झालं असतं, सालूहाला वाटलं. ती अगदी सावकाश, सांभाळून दिली, आणि वही उघडली. सालूहाने मग परीक्षेचं निमित्त काढलं. बाकालोरिया दोन महिन्यांवर आलीय, इकडे तिकडे फिरणं बंद, शिकवणी झाली की सरळ घरी. आत्याचं नाव तिने घेतलं नाही. दोघींनाही कळलं होतं की फक्त आत्याचंच घर बंद झालंय.

बंदी चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी मुल्काच्या दप्तराच्या पट्ट्याला लाल लोकरीचा धागा चिकटलेला दिसला. सालूहाच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने केंद्रातून अर्धी रजा टाकली आणि मुल्का शाळेत असताना नणंदेचं दार गाठलं.

"तुम्ही तिला काय सांगता, वन्सं? आज मला कळलंच पाहिजे."

मबरूकाने फणी खाली ठेवली. "चहा घेतेस?"

"नको."

चहा तरीही झाला. मबरूकाने त्यात पुदिना घातला, दोन पेले भरले, आणि सालूहासमोर चटईवर बसली. तिची बोटं रिकामी राहायला शिकलेली नव्हती, ती चटईच्या काड्या मोजत होती.

"तुझ्या सासूबाईंनी तिला बांधलंय," ती म्हणाली.

सालूहाला आधी कळलंच नाही. "कुणाला?"

"मुल्काला. सात वर्षांची होती. तू प्रशिक्षणाला ट्यूनिसला गेली होतीस, दहा दिवस. याच मागावर. गुडघ्याला ओरखडा काढला, सात मनुका खायला दिल्या, ताण्याच्या उभ्या दोऱ्यांतून सात वेळा आत-बाहेर काढलं. आई म्हणाली, हिची आई पुस्तकवाली, ती काही करायची नाही. मग पोरीचं रक्षण कुणी करायचं?"

"आणि तुम्ही बघत बसलात."

"ताणा मीच धरला होता," मबरूका म्हणाली.

सालूहा उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. बांधलेल्या मुलीच्या वाटेला कुणी जाऊ शकत नाही, गेलं तरी त्याच्यापुढे भिंत उभी राहते, असं बायका सांगत. लग्नाआधी तिला सोडवायचं, नाहीतर नवऱ्यालाही ती भिंतच. असल्या गोष्टींवर सालूहा वर्गात दोन मिनिटं खर्च करायची आणि पोरी हसायच्या.

"हे थोतांड आहे, वन्सं."

"ती पण तेच म्हणते. पहिल्याच दिवशी म्हणाली, आत्या, मला माहीत आहे हे खोटं आहे, पण झोप येत नाही. जिनं बांधलं तिनंच सोडवायचं असतं, आणि आजी तर गेली. मी काय आता अशीच राहणार?"

"मग मला का नाही विचारलं? मी दिवसभर दुसरं काय करते?"

मबरूकाने पेला उचलला. मग पेल्यातल्या पुदिन्याकडे बघत म्हणाली, "म्हणाली, आईला सांगितलं की पुढच्या आठवड्यात अख्ख्या वर्गाला कळेल. 'माझ्या ओळखीची एक मुलगी आहे' म्हणून."

ते वाक्य सालूहाचंच होतं. प्रत्येक तास ती त्याच वाक्याने सुरू करायची. दोन वर्षांपूर्वी मुल्काच्या शाळेत ती म्हणाली होती, माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, मावसबहिणीच्या लग्नाला स्फाक्सला निघाली होती, बसमध्येच पहिली पाळी आली, अंगात पिवळा झगा, आणि ती मुळीच घाबरली नाही. नाव घेतलं नव्हतं. पण पिवळ्या झग्यातला मुल्काचा फोटो वर्गातल्या निम्म्या मुलींनी पाहिलेला होता. त्या दिवशी मुल्का घरी येऊन जेवली, भांडी घासली आणि खोलीचं दार लावून घेतलं. सालूहाने हेदीला सांगितलं होतं, वयच आहे तसं, होईल ठीक.

"माझा उद्देश वाईट नव्हता," ती आता म्हणाली.

"नव्हताच गं."

त्या समजूतदारपणानेच सालूहा पुन्हा पेटली. "आणि तुम्ही तिला काय दिलंत? तुमच्याकडे कुठलं उत्तर होतं?"

"उत्तर कुठलं? माझं सांगितलं झालं."

"तुमचं काय?"

"मलाही बांधलं होतं. तुर्किया म्हातारीनं. बशीर मास्तरांचं स्थळ आलं तेव्हा तिला जाऊन चार वर्षं झाली होती." मबरूका हे एखाद्या जुन्या रंगाचा हिशेब सांगावा तसं सांगत होती, जणू दुसऱ्याच कुणाच्या तरी घरचं. "पहिल्याच रात्री परत पाठवली असती तर आईनं तोंड कुठं लपवलं असतं? म्हणून म्हटलं, मला लग्नच करायचं नाही."

सालूहा बसली. ते स्थळ आलं तेव्हा तिच्या स्वतःच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मबरूका एकतीस वर्षांची होती. मास्तर भला माणूस होता, दर शुक्रवारी येताना बदामाची पुडी आणायचा. सासूने नवी सून म्हणून सालूहालाच समजूत काढायला पाठवलं होतं. आणि सालूहा, नुकतीच सरकारी नोकरीला लागलेली, नणंदेला म्हणाली होती, वन्सं, तुमचा निर्णय आहे, ठाम राहा. पुढे कितीतरी वर्गांत तिने हे उदाहरण अभिमानाने दिलं होतं. माझ्या ओळखीची एक बाई आहे, चांगलं स्थळ आलं तरी स्वतःच्या मर्जीने नाही म्हणाली.

"एकदा तुला विचारलंही होतं मी," मबरूका म्हणाली. "तुला आठवत नसेल. स्वयंपाकघरात. तुझ्या माहेरी, हाजेबकडे, बांधतात का गं, म्हणून."

"मी काय म्हणाले?"

"छे, असला अडाणीपणा आमच्याकडे नाही म्हणालीस. मग मी पुढं काही बोलले नाही."

"मला आठवत नाही," सालूहा म्हणाली. तिला चांगलं आठवत होतं. त्या वेळी ती कांदा चिरत होती.

मबरूकाने चहा संपवला. "मी दर वेळी तिला सांगते, आईला विचार. कालही सांगितलं. आता ती जे विचारते आहे ते माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, मला त्यातलं काही कळत नाही."

"काय विचारते?"

"ते तिचं तिनं सांगायचं."

म्हणजे अजूनही एक दार होतं आणि किल्ली हिच्याच कमरेला होती. सालूहा पेला तसाच ठेवून निघाली. रस्त्यात एका मुलीने "मादाम, मादाम" अशी हाक मारली, तिच्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

मुल्का घरी आली तेव्हा सालूहा मागच्या अंगणात ओल्या वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मुल्काने दप्तर टेकवलं, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आत्याकडे गेली होतीस."

"हो."

"सांगितलं तिनं?"

"बांधल्याचं सांगितलं. बाकीचं नाही सांगितलं." सालूहाने पाटी जरा सरकवली. मुल्का समोर बसली, पण शेंगेला हात लावला नाही. सालूहाच्या तोंडाशी सगळं तयार होतं. शरीराची रचना, कौमार्याच्या पडद्याबद्दलचे गैरसमज, भीती शरीरावर कशी काम करते, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिने तोंड उघडलं आणि स्वतःचाच केंद्रातला आवाज तिला ऐकू आला. तिने दोन शेंगा सोलल्या.

"मलाही बांधलं होतं," ती म्हणाली.

मुल्काने मान वर केली.

"माझ्या आजीनं. सहा वर्षांची होते. लग्न ठरलं तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होते, सगळं पाठ. डोळे मिटून चित्र काढलं असतं. आणि लग्नाच्या आठ दिवस आधी आईला म्हटलं, मला सोडव. रडले. आजी तोवर गेली होती."

"मग?"

"आईनं शेजारच्या गावातून एक बाई आणली. मला कधी न पाहिलेली. ती म्हणाली, बांधणारी मेली म्हणून पोरगी काय तशीच ठेवायची? जिला कुणी सोडवलंय ती कुणालाही सोडवू शकते. कुणाचा तरी माग मागून आणला, आणि पाच मिनिटांत झालं. मला इतकं हलकं वाटलं की मी परत येताना वाटेत मोठ्यानं गायले."

"हे तू कुणाला सांगितलंयस?"

"कुणालाच नाही. तुझ्या बाबांनाही नाही."

मुल्काने पहिल्यांदा एक शेंग उचलली. ती सोलता सोलता, आईकडे न बघता, बोलायला लागली. आदम नावाचा मुलगा होता. परीक्षेआधी एकदा सूसला जाऊ म्हणत होता, समुद्रावर, तिथे त्याच्या भावाची खोली आहे. तिला तो आवडत होता. खोलीचं मात्र तिचं काही ठरत नव्हतं. वर्गातल्या एकट्या रानीमला बांधल्याचं ठाऊक होतं, ती म्हणाली, तू तर बांधलेली आहेस, तुला काही होणार नाही, घाबरतेस कशाला.

अठरा वर्षांत एकाही वर्गात सालूहाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिने हातातली शेंग शेवटपर्यंत सोलली.

"त्या दोऱ्यानं ना गर्भ थांबतो, ना रोग," ती म्हणाली. "काहीही थांबत नाही. रानीमलाही हे सांगायला हवं. आणि मुल्का, तो दोरा नसता तर तू त्याला काय म्हणाली असतीस?"

मुल्काने विचार केला. "खोलीला नाही म्हटलं असतं. समुद्राला कदाचित हो."

"मग तेच म्हण त्याला. रुसला तर तो कसा आहे ते मला कळेल. तुलाही कळेल."

मुल्काला हसू आलं. हळूच, ओठांच्या कडेला, पण तेच हसू. सालूहाला ते पाहून जे सुख झालं त्यात एक काटा होता आणि तो काटासुद्धा गोड होता. मबरूकाकडे हे नव्हतं. मबरूकाने पोरीची भीती वाटून घेतली, सोडवायचं काही तिला जमलं नाही. ते आपण केलं, आणि तेही मागाशिवाय. पोरगी आपली होती, आपल्याकडे आली.

"खरंच दुसरी बाई चालते?" मुल्काने विचारलं.

"चालते."

"कुणीही? म्हणजे तू सुद्धा?"

"मी सुद्धा. तुला हवं असेल तर करू आपण. मी हसणार नाही."

मुल्काने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. तिच्या हातातली शेंग अर्धवट सोललेली तशीच राहिली. ती अंगणाच्या भिंतीकडे बघत होती, आणि सालूहाला दिसलं की हसू गेलंय.

"आई, बशीर मास्तर आले तेव्हा तुझं लग्न झालेलं होतं ना?"

"दोन वर्षं झाली होती."

"म्हणजे दुसरी बाई चालते हे तुला तेव्हा माहीत होतं."

सालूहा पाटीतल्या दाण्यांतून नसलेला कचरा वेचत राहिली. कुठल्याही मुलीच्या कुठल्याही प्रश्नाला तिच्याकडे उत्तर असायचं.

"आत्यानं तुला विचारलं होतं. मला सांगितलंय तिनं."

"हो. विचारलं होतं."

"आणि तू नाही म्हणालीस."

"मी नवी होते गं त्या घरात. सरकारी नोकरी लागलेली. मला वाटलं, हसतील." सालूहाचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "ती स्वतःसाठी विचारत होती हे मला कुठं माहीत होतं?"

मुल्काने शेंग पूर्ण सोलली, दाणे पाटीत टाकले, साली गोळा करून टोपलीत भरल्या. मग ती उठली, आईच्या मागून जाताना क्षणभर थांबली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. एखाद्या मोठ्या बाईने ठेवावा तसा तो हात होता.

"घाबरू नकोस, आई," ती म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही."